जी

समाजमंदिरातली लाइन गेलेली.
मोबाईलच्या उजेडात पायपेटीचा भाता दाबत
मी म्हणालो, यादोराव, लय पळते जी.

त्यांनी ढोलकीवरचा हात थांबवला नाही.
म्हणाले, लय नाही पळत जी,
तुमचा पाय जड झाला.

इथपर्यंत ठीक होतं.
आमच्या पवनीकडे
माणूस माणसाला चुकला म्हणतो तेव्हाही
वाक्याच्या शेवटी एक 'जी' ठेवतो,
बांधीत उतरताना पाय टेकायला
ठेवलेला दगड असावा तसा.
चिखल दोन्हीकडे असतोच.
चप्पल तेवढी वाचते.

पण मंडई चार दिवसांवर आलेली.
दंडारीतली दोन गाणी अजून उभी राहत नव्हती,
फागोने उसना ऑक्टोपॅड आणून मांडलेला,
वरून त्याचं चालूच,
काका, आता सारे असंच वाजवतात.
आणि मला भूकही लागली होती, तेही सांगून टाकतो.

मग बोललो.
तुले काय समजते ठेक्यातलं.
बापानं ढोलकी देल्ली, कान नाही देल्ला.

त्यात 'जी' नव्हता.
'तुम्ही' नव्हतं.
बाप मात्र होता,
वारून पंचवीस वर्षं झालेला,
ज्याच्या ओसरीवर, ज्याच्याच ठेक्यावर
मी पहिल्यांदा बोटं फिरवायला शिकलो.

यादोराव काही बोलले नाहीत.
ढोलकीच्या कड्या सैल केल्या,
एकेक,
घाई नाही.
पिशवीत घातली. चप्पल शोधली अंधारात.
फागोनेसुद्धा उजेड धरला नाही त्यांच्यासाठी.
मीही नाही.

पर्बताबाई भिंतीला टेकून बसली होती.
राणीची गाणी पडद्यामागून तीच म्हणते,
साठी उलटली तरी.
म्हणाली,
डोमाजी भाऊ, माह्यी पट्टी तुम्ही
तीन वर्सापासून खाली आणता.
मले का कळत नाही?
आवाज बसला तुमचा, असं
एक शबूद नाही बोल्ले कधी.
मंग त्याह्यचा ठेका सांगाले
बापापर्यंत कायले गेले जी?

मी भात्यावर पाय ठेवून बसलो.
हवा नुसतीच आत-बाहेर.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर गेलो.
यादोराव धानाचे भारे रचत होते,
कुसं दंडाला चिकटलेली, डोक्याला दुपट्टा.
मीही दोन भारे उचलले,
नीट रचता आले नाहीत, त्यांनी परत रचले.

म्हटलं, काल बापाचं बोललो ते चुकलं जी.
ते म्हणाले, हाव जी.
एवढंच.
माफ केलं म्हणाले नाहीत,
मी विचारलंही नाही.
तांब्याभर पाणी मात्र आधी माझ्याकडे सरकवलं.

थोड्या वेळाने मीच म्हटलं,
पण लय पळते जी.
भारा तसाच खांद्यावर ठेवून ते वळले,
कुठं पळते ते सांगा.
दुसऱ्या कडव्यात, म्हटलं, राणी वळते तिथं.
तिथं तर पळालीच पाह्यजे, ते म्हणाले,
नवरा सोडून चालली ना जी ते,
चालत जाईन का?

मी नाही म्हणालो.
ते हो म्हणाले.
दुपार झाली, जेवायला बोलावलं घरातून,
भाकरीवर मिरच्यांचा ठेचा घेऊन
आम्ही पुन्हा त्याच कडव्यावर भांडलो.
मांडीवर बोटं आपटून दाखवली दोघांनीही.
त्यांची नात खिदळली,
आजा अन् हे बुवा दोघंही पागल म्हणून.

मंडईच्या रात्री
थंडी पडलेली, पडदा ओला दवाने,
पर्बताबाईचा आवाज एक पट्टी खालून चढत गेला.
राणी वळली.
ठेका पळाला.
यादोरावांनी माझ्याकडे पाहिलं, सरळ,
आणि अजून वाढवला.

माझं मत बदललेलं नाही.
पण चारशे माणसांसमोर
गाणं मधेच सोडता येत नाही, तेव्हा
मी त्यांच्यामागे धावत राहिलो दोन्ही पायांनी,
धापा टाकत, पुटपुटत,
पळते,
पळते,
पळते जी.